‘रांचो ग्रांदे’च्या पडद्यावर कोण दिसते आणि कोण दिसत नाही?

चित्रपटात आपल्यासारखी माणसे दिसली की आपल्याला प्रतिनिधित्व मिळाले, असे आपण पटकन मानतो. पण पडद्यावर दिसणे वेगळे आणि पडद्यावर बोलणे, नकार देणे, निर्णय घेणे वेगळे. हा फरक समजून घ्यायचा असेल तर मेक्सिकोचा ‘अया एन एल रांचो ग्रांदे’ हा १९३६ सालचा चित्रपट अभ्यासण्यासारखा आहे. नावाचा अर्थ साधारण ‘तिकडे, त्या मोठ्या रांचावर’ असा होतो. घोडे, गाणी, मेजवान्या, प्रेम आणि शेवटी लग्ने, असा हा हसतखेळत पाहण्याचा चित्रपट आहे. शेतमजूर त्यात जागोजागी दिसतात. तरीही मजुरांची बाजू त्यात जवळजवळ कुठेच नाही.

चित्रपटाची ओळख

दिग्दर्शक फर्नांदो दे फुएन्तेस. नायक तितो गीसार, नायिका एस्तेर फर्नांदेस, जमीनदाराच्या भूमिकेत रेने कार्दोना. छायाचित्रण गाब्रिएल फिगेरोआ यांचे. या कामासाठी फिगेरोआ यांना १९३८ साली व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात पुरस्कार मिळाला. ऑक्टोबर १९३६ मध्ये मेक्सिको सिटीत प्रदर्शित झालेला हा चित्रपट पुढे साऱ्या लॅटिन अमेरिकेत आणि अमेरिकेतील स्पॅनिश भाषिक वस्त्यांमध्ये तुफान चालला. १९३६ साली मेक्सिकोत सुमारे २५ चित्रपट बनले होते. दोनच वर्षांत हा आकडा पन्नाशीच्या पुढे गेला. त्यातील कितीतरी चित्रपट याच साच्याचे होते. या साच्याला ‘कोमेदिया रांचेरा’ म्हणतात, म्हणजे रांचावरची, गाण्यांनी भरलेली सुखान्त कथा.

हॉलिवूडच्या वेस्टर्नपटांशी याची तुलना होते. घोडेस्वार, पिस्तूल, गुत्ता, शर्यत हे सगळे येथेही आहे. पण मुळात गुराखी घोडेस्वाराची ही परंपरा अमेरिकेने मेक्सिकोकडून घेतली. रांच, रोडिओ, लासो हे शब्द इंग्रजीत स्पॅनिशमधूनच आले. हॉलिवूडने मात्र कित्येक वर्षे मेक्सिकन माणूस म्हणजे कळकट, दगाबाज दरोडेखोर, असेच चित्र रंगवले. त्याला कंटाळून १९२२ साली मेक्सिकोच्या सरकारने अशी बदनामी करणाऱ्या कंपन्यांच्या चित्रपटांवर बंदी घातली होती. या पार्श्वभूमीवर ‘रांचो ग्रांदे’तील देखणा, स्वाभिमानी, गाणारा मेक्सिकन नायक पाहून लोकांना काय वाटले असेल, याची कल्पना करता येते. आपली भाषा, आपली गाणी, आपला माणूस. हा आनंद खरा होता आणि तो नाकारण्याचे कारण नाही. प्रश्न इतकाच की या ‘आपल्या माणसांत’ कोण कोण मोजले गेले.

कथा थोडक्यात

कथा १९२२ साली सुरू होते. होसे फ्रान्सिस्को, त्याची बहीण आणि क्रुस ही पोरकी मुले ‘रांचो ग्रांदे’ नावाच्या मोठ्या जमीनदारी वाड्यावर आंखेला या बाईच्या आश्रयाला येतात. मालकाचा मुलगा फेलिपे आणि होसे फ्रान्सिस्को यांची मैत्री जमते. म्हातारा मालक मुलाला शिकवण देतो की, मालकाने आपल्या गरीब माणसांचा बाप व्हायचे, वैद्य व्हायचे, न्यायाधीश व्हायचे आणि वेळ पडली तर त्यांना मूठमातीही द्यायची.

मुले मोठी होतात. फेलिपे मालक होतो आणि होसे फ्रान्सिस्कोला कापोराल, म्हणजे रांचावरचा मुकादम, नेमतो. क्रुस आंखेलाच्या घरात मोलकरणीसारखी राबते. होसे फ्रान्सिस्को आणि क्रुस यांचे एकमेकांवर प्रेम आहे, पण ते कोणाला सांगितलेले नाही. फेलिपेची नजर क्रुसवर जाते आणि आंखेला तिला शंभर पेसोंत त्याच्याकडे पाठवायला तयार होते. त्या रात्री क्रुसची शुद्ध हरपते. ती आपल्या मित्राची प्रेयसी आहे हे कळल्यावर फेलिपे तिला हात न लावता घरी पोहोचवतो. पण कोणीतरी त्यांना पाहते आणि गावभर कुजबुज सुरू होते. गुत्त्यात गाण्यांची जुगलबंदी चालू असताना प्रतिस्पर्धी मार्तिन ही गोष्ट टोमण्यातून होसे फ्रान्सिस्कोच्या तोंडावर फेकतो. मालक आणि मुकादम समोरासमोर येतात. खुलासा होतो, मैत्री टिकते आणि शेवटी एकाच वेळी अनेक लग्ने लागतात.

पडद्यावरचा रांच आणि खरा रांच

अशा मोठ्या जमीनदारीला मेक्सिकोत ‘आसिएन्दा’ म्हणतात. तेथे राबणारा मजूर म्हणजे ‘पेओन’ आणि मालक म्हणजे ‘पात्रोन’. पेओनला मजुरी अनेकदा रोख मिळत नसे. मालकाच्याच दुकानातून उधारीवर माल घ्यायचा आणि तो खात्यावर मांडायचा, अशी रीत होती. हे कर्ज फिटत नसे आणि बापाचे कर्ज मुलाच्या माथी येई. १९१० साली पेटलेल्या मेक्सिकन क्रांतीच्या मुळाशी ही भूक होती. एमिलियानो सापाता यांच्या शेतकरी सैन्याची मुख्य मागणी जमिनीचीच होती. १९१७ च्या राज्यघटनेच्या कलम २७ ने मोठ्या जमीनदाऱ्या मोडून गावांना जमीन देण्याचा रस्ता खुला केला.

प्रत्यक्षात जमिनीचे सर्वांत मोठे वाटप लासारो कार्देनास राष्ट्राध्यक्ष असताना, म्हणजे १९३४ ते १९४० या काळात झाले. सुमारे १ कोटी ८० लाख हेक्टर जमीन आठ लाखांच्या आसपास शेतकऱ्यांना मिळाली. उत्तरेकडील ला लागुना या कापूस पिकवणाऱ्या प्रदेशात मजुरांनी संप केला आणि ऑक्टोबर १९३६ मध्ये कार्देनास यांनी तेथील जमीनदाऱ्या ताब्यात घेऊन सामूहिक शेतीसाठी वाटण्याचा आदेश काढला. ‘रांचो ग्रांदे’ प्रदर्शित झाला तो हाच महिना.

म्हणजे एकीकडे मजूर जमीन मागत होते आणि मिळवत होते. त्याच वेळी पडद्यावर मात्र असा रांच दिसत होता जिथे कोणाला जमीन नकोच होती. तिथे कर्जाची वही नाही, दुकानाची उधारी नाही, संप नाही. कथा क्रांतीनंतरच्या काळात घडते, पण क्रांती होऊन गेली याची खूण त्यात शोधावी लागते. मालक मायबाप आहे आणि मजूर त्याची लेकरे आहेत. मालक मनाने चांगला असला की कायद्याची, हक्काची, संघटनेची गरजच काय, असे हा चित्रपट न बोलता सांगतो.

यात आणखी एक बोचणारी गोष्ट आहे. हेच दे फुएन्तेस त्याआधी क्रांतीवर तीन गंभीर चित्रपट करून बसले होते. ‘एल कोम्पाद्रे मेन्दोसा’मध्ये त्यांनी दोन्ही बाजूंशी गोड राहून शेवटी दगा देणारा जमीनदार दाखवला. ‘वामोनोस कोन पान्चो विया’मध्ये क्रांतिकारकांच्या वाट्याला आलेला भ्रमनिरास दाखवला. त्यांना वास्तव ठाऊक नव्हते असे म्हणता येत नाही. पण पैसा आणि नाव मिळाले ते गोड रांचाला.

चारोचा वेष कोणाचा?

रुंद काठाची टोपी, कशिद्याचे आखूड जाकीट, चांदीच्या गुंड्या लावलेली विजार घातलेल्या घोडेस्वाराला ‘चारो’ म्हणतात. आज तो मेक्सिकोचे प्रतीक आहे. तो तसा होण्यात या चित्रपटाचा आणि त्याच्यामागून आलेल्या चित्रपटांचा मोठा वाटा आहे.

वसाहतकाळात स्पॅनिश कायद्यांनी मूलनिवासींच्या घोड्यावर बसण्यावर निर्बंध घातले होते. पण गुरे राखण्याचे काम कोणीतरी करायलाच हवे होते. ते केले मेस्तिसो, आफ्रिकी वंशाचे आणि परवानगी मिळवलेले मूलनिवासी गुराखी यांनी. घोडेस्वारीचे कसब या राबणाऱ्या हातांचे होते. भरजरी वेष मात्र बहुतांशी पैसेवाल्यांचा. क्रांतीनंतर, १९२१ साली, मेक्सिको सिटीत चारोंची राष्ट्रीय संघटना उभी राहिली, तेव्हा तिच्यात जुन्या जमीनदार घराण्यांतील लोक पुढे होते. कसब कष्टकऱ्यांचे आणि अभिमान मालकांचा, अशी ही अदलाबदल झाली. ‘रांचो ग्रांदे’ने ती गाण्यांसह घराघरात पोहोचवली. म्हणूनच पडद्यावरचा चारो उजळ वर्णाचा आणि युरोपीय चेहऱ्यामोहऱ्याचा असतो. सावळे चेहरे त्याच्या मागे, गर्दीत असतात.

‘कास्ता’ हा शब्द आपल्या ओळखीचा आहे

वसाहतकाळातील मेक्सिकोत समाजाची उतरंड होती. वर स्पेनमध्ये जन्मलेले, त्यांच्याखाली मेक्सिकोत जन्मलेले स्पॅनिश, त्याखाली मिश्र वंशाचे लोक, मूलनिवासी आणि गुलाम म्हणून आणलेले आफ्रिकी. मिश्र वंशाच्या लोकांना ‘कास्ता’ म्हणत. स्पॅनिश बाप आणि मूलनिवासी आई असेल तर मूल मेस्तिसो, स्पॅनिश आणि आफ्रिकी असेल तर मुलातो, असे एकेक नाव ठरलेले होते. अठराव्या शतकात तर या नावांच्या चित्रमालिका रंगवल्या गेल्या. एका मालिकेत साधारण सोळा चौकटी, प्रत्येकीत आई, बाप आणि मूल, खाली त्यांचा ‘प्रकार’ लिहिलेला.

स्पॅनिश आणि पोर्तुगीज भाषांतला हाच ‘कास्ता’ शब्द पोर्तुगिजांनी भारतात वापरला आणि त्यावरून इंग्रजीतला ‘कास्ट’ आला. बाबासाहेबांनी ज्या शब्दाने आपल्याकडील व्यवस्थेची चिरफाड इंग्रजीत केली, त्याचे एक भावंड मेक्सिकोत आहे. दोन्ही व्यवस्था मात्र एकच नव्हत्या. मेक्सिकोत धर्मग्रंथाचा आधार असलेली अस्पृश्यता नव्हती. पैसा, पेहराव, लग्न यांच्या जोरावर माणूस कधी कधी वरच्या वर्गात सरकू शकत असे. पण रंग आणि जन्म यांवरून माणसाची किंमत ठरवणे तिथेही होते.

स्वातंत्र्यानंतर हे प्रकार कायद्यातून गेले. आफ्रिकी वंशाचे राष्ट्राध्यक्ष व्हिसेन्ते गेरेरो यांनी १९२९ च्या शंभर वर्षे आधी, म्हणजे १८२९ साली, गुलामगिरी रद्द केली. क्रांतीनंतर ‘आपण सगळे मिश्र रक्ताचेच’ हा विचार राष्ट्राचा विचार झाला. होसे वास्कोन्सेलोस यांचे ‘ला रासा कोस्मिका’ हे १९२५ चे पुस्तक त्याचे प्रसिद्ध उदाहरण. ऐकायला हा विचार समतेचा वाटतो. पण सगळेच एक म्हटल्यावर कोण मागे राहिले हे मोजायचे कारण उरत नाही. ‘रांचो ग्रांदे’ याच विचाराच्या सावलीत उभा आहे. त्यात मूलनिवासी भाषा ऐकू येत नाही, आफ्रिकी वंशाचे महत्त्वाचे पात्र नाही, आणि ते नसल्याचे कोणाला जाणवतही नाही.

गाणी घेतली, माणसे वगळली

चित्रपटाचा कळसाचा प्रसंग म्हणजे गुत्त्यातील जुगलबंदी. दोन गायक ऐन वेळी कडवी रचून एकमेकांना उत्तर देतात. आपल्याकडील सवाल-जवाबाशी परिचय असलेल्या प्रेक्षकाला ही लढत लगेच कळते. ही उआपांगोची परंपरा आहे. मेक्सिकोच्या आखाती किनाऱ्याकडील अशा लोकसंगीतात स्पॅनिश तंतुवाद्ये, मूलनिवासी गायकी आणि आफ्रिकी ठेका यांची सरमिसळ झालेली आहे. म्हणजे वगळलेल्या माणसांची लय चित्रपटात आहे, त्यांचा चेहरा नाही.

याच चित्रपटात ‘हाराबे तापातियो’ हे प्रसिद्ध लोकनृत्य आहे. ते नाचणारा तरुण म्हणजे एमिलियो फर्नांदेस. त्याची आई किकापू या मूलनिवासी समाजातली, म्हणून त्याला ‘एल इन्दियो’ हेच नाव पडले. १९३६ साली त्याला नाचण्यापुरती जागा मिळाली. पुढे तो मेक्सिकोचा सर्वांत गाजलेला दिग्दर्शक झाला. त्याची गोष्ट पुढे येईलच.

या नृत्यात स्त्रीचा ठरलेला वेष असतो ‘चीना पोब्लाना’. या वेषाशी लोककथेने एका भारतीय मुलीचे नाव जोडले आहे. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला भारतातून पळवलेली ही मुलगी मनिलामार्गे मेक्सिकोतील पुएब्ला शहरात गुलाम म्हणून विकली गेली. तिचे नाव कातारिना दे सान हुआन ठेवण्यात आले. १६८८ साली ती तेथेच वारली. प्रत्यक्षात हा वेष एकोणिसाव्या शतकातल्या कष्टकरी शहरी स्त्रियांचा, तिचा नव्हे, असे इतिहासकार सांगतात. तरीही आठवण राहिली ती विकल्या गेलेल्या मुलीची, आणि तीही सणासुदीच्या कपड्यांच्या रूपात.

क्रुसची किंमत शंभर पेसो

विकल्या गेलेल्या मुलीची गोष्ट ‘रांचो ग्रांदे’च्या कथेतही आहे. क्रुस पोरकी आहे, घरकाम करते, तिला मजुरी नाही. तिचा सौदा होतो आणि तिला विचारले जात नाही. आसिएन्दांच्या इतिहासात मालकाने मजुरांच्या लेकीबाळींवर हक्क सांगणे ही काल्पनिक गोष्ट नव्हती. चित्रपट ही जखम उघडतो, पण लगेच झाकतो.

तो ती कशी झाकतो हे पाहण्यासारखे आहे. फेलिपे क्रुसला सोडतो ते ती ‘नको’ म्हणते म्हणून नव्हे. ती मित्राची आहे म्हणून सोडतो. ती दुसऱ्या कोणा साध्या पेओनची प्रेयसी असती तर काय झाले असते, हा प्रश्न चित्रपट विचारत नाही. पुढचे सगळे भांडणही दोन पुरुषांच्या इज्जतीचे आहे. सौदा ठरवणारी आंखेला खलनायिका ठरते. पैसे देणारा मालक मात्र मोठ्या मनाचा ठरतो. पिळवणुकीचे खापर गरीब बाईच्या माथ्यावर फुटते आणि शेवटी तिचेही लग्न लावून सगळे मिटवले जाते.

फ्लोरेन्तिनो या आंखेलाच्या जोडीदाराकडेही लक्ष द्यायला हवे. कार्लोस लोपेस ‘चाफ्लान’ या विनोदी नटाने रंगवलेला हा माणूस दारुडा आणि कामचुकार आहे. समतेची, कष्टकऱ्यांच्या हक्कांची भाषा चित्रपटात त्याच्याच तोंडी येते, आणि ती हसण्यासाठी येते. जमिनीचा लढा बाहेर जोरात असताना त्याची भाषा दारुड्याच्या तोंडी घालणे हाही एक राजकीय निर्णय असतो.

पुढच्या काळात काय बदलले?

१९४३ साली एमिलियो फर्नांदेस यांनी ‘मारिया कान्देलारिया’ केला. त्यात मूलनिवासी स्त्री कथेच्या मध्यभागी आली. १९४६ साली कान महोत्सवात या चित्रपटाला सर्वोच्च पुरस्कारांपैकी एक मिळाला. पण ती भूमिका केली सुखवस्तू घरात वाढलेल्या आणि हॉलिवूड गाजवून आलेल्या दोलोरेस देल रियो यांनी. १९४८ च्या ‘आन्खेलितोस नेग्रोस’ने वर्णद्वेषावर थेट बोट ठेवले, मात्र त्यात चेहऱ्याला काळा रंग फासून नट उभे केले. १९५७ च्या ‘तिसोक’मध्ये लाडका गायक-नट पेद्रो इन्फान्ते भोळाभाबडा मूलनिवासी झाला. विषय पडद्यावर आला, पण त्या समाजाचे नट-नट्या आले नाहीत.

२०१८ च्या ‘रोमा’ चित्रपटात घरकाम करणाऱ्या मूलनिवासी तरुणीची भूमिका वाहाका राज्यातील यालित्सा आपारिसिओ यांनी केली. त्यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीसाठी ऑस्करचे नामांकन मिळाले. मेक्सिकोतील मूलनिवासी स्त्रीला असे नामांकन मिळण्याची ही पहिलीच वेळ होती. ‘रांचो ग्रांदे’पासून येथवर यायला ऐंशीहून अधिक वर्षे लागली.

कायद्यातही बदल झाला. २०१९ साली मेक्सिकोच्या राज्यघटनेत आफ्रिकी वंशाच्या समाजांना मान्यता मिळाली. २०२० च्या जनगणनेत त्यांची प्रथमच स्वतंत्र नोंद झाली आणि २५ लाखांहून अधिक लोकांनी आपण आफ्रिकी वंशाचे असल्याचे सांगितले. त्याच जनगणनेत मूलनिवासी भाषा बोलणारे ७३ लाखांहून अधिक निघाले. ही माणसे १९३६ सालीही होतीच. जनगणनेत समाजांची मोजणी का महत्त्वाची असते, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

पाहताना विचारायचे प्रश्न

हा चित्रपट पाहू नये असे नाही. गाणी गोड आहेत, फिगेरोआ यांचा कॅमेरा आजही डोळ्यांत भरतो. अभ्यासवर्गात किंवा मित्रमंडळींबरोबर पाहिला तर तो अधिक कळेल. पाहताना काही साधे प्रश्न जवळ ठेवावेत:

- गर्दीत कोण आहे आणि नाव कोणाला आहे?
- निर्णय कोण घेतो आणि परिणाम कोण भोगतो?
- स्त्रीला कोणी विचारले का?
- हक्कांची भाषा कोणाच्या तोंडी दिली आहे, नायकाच्या की विदूषकाच्या?
- लोकसंगीत, नृत्य, वेष ज्यांचे आहेत ती माणसे कथेत आहेत का?
- चांगुलपणा मालकाच्या मनावर सोडला आहे की मजुराच्या हक्कावर उभा आहे?

यातला शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. ‘रांचो ग्रांदे’तला फेलिपे खरोखर चांगला माणूस आहे. पण त्या रात्री त्याला क्रुसचे नाते कळले नसते तर तिला वाचवणारे दुसरे काहीच त्या रांचावर नव्हते. ला लागुनाच्या मजुरांनी त्याच महिन्यात जमीन मिळवली ती मालकाच्या दयेने नव्हे, संपाने आणि कायद्याने.